करार झाला, आता विभागाचे नियम

इलिनॉय, नोव्हेंबर 2025

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. तू विचारलंयस की युनियनचा करार उन्हाळ्यातच झाला, सह्या झाल्या, वाढलेला पगारही सुरू झाला, मग अजून कसल्या बैठका चालल्यात? सविस्तरच लिहितो, कारण सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, आणि सुटाचं, म्हणजे शिवाजी विद्यापीठातल्या शिक्षक संघटनेचं, काम इतकी वर्षं केल्यामुळे तुला यातलं मर्म लगेच कळेल.

तुमच्याकडे नियम वरून येतात. यूजीसीने 2018 च्या नियमावलीत लिहिलं की सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने 14 तास. राज्य सरकारने मार्च 2019 मध्ये शासन निर्णय काढला. मग जे कोल्हापूरला लागू, तेच गडचिरोलीला. इथे अमेरिकेत प्राध्यापकांचा वर्कलोड ठरवणारी अशी केंद्रीय संस्थाच नाही. सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. इलिनॉयमध्ये शिक्षणक्षेत्रातल्या कामगार संबंधांचा कायदा 1984 पासून आहे. त्या कायद्याखाली युनियन विद्यापीठाशी करार करते, आणि करारात जागोजागी एवढंच म्हटलेलं असतं की अमुक गोष्ट विभागाने आपल्या लेखी धोरणात ठरवावी. खासगी विद्यापीठांतल्या बहुतेक कायम प्राध्यापकांना तर हेही नाही. येशिव्हा विद्यापीठाच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की तिथले पूर्णवेळ प्राध्यापक व्यवस्थापनाचाच भाग आहेत, म्हणून त्यांना कामगार कायद्याचं संरक्षण नाही.

तर आमच्या संख्याशास्त्र विभागाचं धोरण या नव्या करारानुसार बदलण्यासाठी जी समिती नेमली, तिचं काम माझ्याकडे आलंय. जुनं धोरण युनियन येण्याआधीचं. त्यावर थोडी थोडी ठिगळं लावत आलेलं. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं की एवढा खटाटोप कशाला? वर एक ओळ घाला, ‘करार आणि हे धोरण यांत विसंगती असल्यास करार ग्राह्य धरावा’, आणि मोकळे व्हा. माणूस मनाने चांगला आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं खरंही आहे. ती ओळ नसती तरी करारच वरचढ ठरला असता.

पण प्रकाश, नवीन आलेला लेक्चरर, म्हणजे मुदतीच्या नेमणुकीवरचा शिक्षक, करार वाचत नाही. करार दीडशे पानांचा, वकिली भाषेतला. तो विभागाचं धोरण उघडतो. तिथे लिहिलेलं असतं की पुनर्नेमणुकीचा निर्णय विद्यार्थिसंख्या पाहून ऑगस्टमध्ये कळवला जाईल. तो ते खरं मानतो आणि गप्प बसतो. करारात मात्र ती सूचना वसंत सत्र संपण्याच्या आत लेखी द्यायची असं आहे. तक्रार करायलाही मुदत असते. घटना कळल्यापासून ठरावीक दिवसांत तक्रार गेली नाही की हक्क कागदावर राहतो आणि माणूस घरी जातो. म्हणून माझा आग्रह आहे की करारातलं प्रत्येक कलम विभागाच्या धोरणात, विभागाच्या भाषेत, आमच्या कोर्सच्या आणि तारखांच्या नावानिशी उतरलंच पाहिजे.

त्या ऑगस्टच्या वाक्याबद्दल मी जरा जास्तच पेटून बोललो असेन. आमच्या लेक्चररांपैकी काही जण एच-1बी व्हिसावर, म्हणजे परदेशी माणसाला इथल्या नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आहेत. नोकरी संपली की जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मुलांच्या शाळा, घराचा भाडेकरार, सगळं त्या 60 दिवसांत. मी स्वतः त्या व्हिसावर काही वर्षं काढली आहेत, तेव्हा एप्रिलमध्ये कळणं आणि ऑगस्टमध्ये कळणं यात काय फरक आहे ते मला कुणी समजावून सांगायला नको. तुझ्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींचं तू लिहितोस, सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ठाऊक नाही, ते वाचताना मला आमचेच लोक दिसतात. देश वेगळा, पण वेतनश्रेणीतला माणूस आणि तासांवरचा माणूस एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात आणि त्यांचं आयुष्य मात्र वेगवेगळ्या नियमांवर चालतं, हे दोन्हीकडे तेच.

सगळ्यात मोठा वाद झाला तो विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनावरून. सत्राच्या शेवटी विद्यार्थी एक ते पाच असे गुण शिक्षकाला देतात. आमच्या जुन्या धोरणात लिहिलं होतं की ज्या लेक्चररची सरासरी विभागाच्या सरासरीपेक्षा कमी, त्याच्या पुनर्नेमणुकीचा ‘विशेष फेरविचार’ होईल. संख्याशास्त्राच्या विभागात हे वाक्य इतकी वर्षं टिकलं! सगळेच उत्तम शिकवत असले तरी कुणी ना कुणी सरासरीच्या खाली राहणारच. बहुतेकदा तर साधारण निम्मे लोक. म्हणजे दर वर्षी कुणाच्या तरी मानेवर सुरी ठेवायचीच, असं धोरण आम्ही स्वतः लिहून ठेवलं होतं.

इथे मला टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाचं प्रकरण फार उपयोगी पडलं (आता त्याचं नाव टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ आहे). तिथे प्राध्यापक संघटना आणि विद्यापीठ यांच्यात याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. जून 2018 मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निवाडा दिला की पदोन्नती आणि कायम नेमणूक ठरवताना शिकवण्याची परिणामकारकता मोजायला ही सर्वेक्षणं वापरू नयेत. त्यांच्यासमोर तज्ज्ञ म्हणून अहवाल देणाऱ्यांत बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क होते. त्यांचं म्हणणं आपल्याला पहिल्या वर्षात शिकवलेलंच आहे: एक ते पाच हे आकडे म्हणजे नुसता क्रम आहे, तीन आणि चार यांतलं अंतर चार आणि पाच यांतल्या अंतराइतकं आहे असं मानायला काही आधार नाही, तेव्हा त्यांची सरासरी काढून माणसांची तुलना करणं चुकीचं. शिवाय फॉर्म किती जणांनी भरला, शिक्षक बाई आहे की पुरुष, त्याचा उच्चार कसा आहे, कोर्स सक्तीचा आहे का, या सगळ्याची छाया गुणांवर पडते. परदेशी उच्चाराने सक्तीचा कोर्स शिकवणारे आमच्याकडे कोण आहेत हे तुला सांगायला नकोच.

तो निवाडा कॅनडातला, इथे बंधनकारक नाही. आमच्या करारात एवढंच आहे की केवळ विद्यार्थ्यांच्या गुणांवर कुणाचंही मूल्यमापन करू नये, विभागाने इतर साधनं ठरवावीत. ती ठरवताना आम्ही लिहिलं की दोन सहकारी वर्गात येऊन बसतील, तारीख आधी कळवतील, सिलॅबस आणि परीक्षांचे पेपर पाहतील, लेखी अहवाल देतील आणि त्याला उत्तर द्यायला शिक्षकाला वेळ मिळेल. विद्यार्थ्यांनी शब्दांत लिहिलेले अभिप्राय ठेवले, कारण मुलांचं म्हणणं ऐकू येणं मला महत्त्वाचं वाटतं. फक्त त्यांची सरासरी कुठेही छापायची नाही. हे कलम समितीत एकमताने संमत झालं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

वर्कलोडचं अजून पुरतं सुटलेलं नाही. करार म्हणतो, मोठ्या वर्गांसाठी विभागाने ‘न्याय्य समतुल्यता’ ठरवावी. आता न्याय्य म्हणजे किती? दीडशे मुलांचा प्राथमिक संख्याशास्त्राचा वर्ग आणि बारा जणांचं पीएचडीचं सेमिनार दोन्ही आजवर एकेक कोर्स म्हणून मोजले गेले. आम्ही आकडा घातला: शंभराच्या वर विद्यार्थी असले तर दीड कोर्स. डीनच्या ऑफिसातून मसुदा परत आला, आणि आकड्याच्या आधी ‘शक्यतो’ हा शब्द घालावा अशी सूचना होती. आम्ही तो घालणार नाही. ‘शक्यतो’ आला की दर वर्षी शक्य-अशक्य ठरवणार चेअर (विभागप्रमुख), आणि त्यासाठी लेक्चररला दर वर्षी चेअरच्या दारात उभं राहावं लागणार. अर्थसंकल्पाची अडचण खरी आहे हे मी मान्य करतो, म्हणून पर्याय सुचवला की ज्या वर्षी दीड कोर्स देणं जमणार नाही, त्या वर्षी वर्गच शंभरावर जाऊ द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट शोधून काढावी लागली, ती म्हणजे कुठेच न लिहिलेल्या सवलती. लॅबचं समन्वयन करणाऱ्याला एक कोर्स माफ, ही प्रथा आमच्याकडे जुनी, पण कागदावर नाही. चेअर बदलला की ती उडाली असती. एका निवृत्त सहकाऱ्याला फोन करून अशा प्रथांची माहिती घेतली आणि ज्या ज्या करारात बसतात त्या धोरणात घातल्या. मात्र कराराने दिलेलं काही कमी करणं विभागाच्या हातात नाही, मग सगळ्यांनी मिळून तसं मत दिलं तरी. हे काही जणांना पटवायला वेळ लागला. त्यांना वाटायचं, आपला विभाग, आपलं मत. पण बहुमताने एखाद्या लेक्चररचा हक्क सोडता येत असता तर करार कशाला केला असता?

मी इतकी घाई का करतोय तेही सांगतो. इथून इंडियाना ओलांडलं की ओहायो. तिथे याच वर्षी मार्चमध्ये सिनेट बिल 1 वर गव्हर्नरची सही झाली. सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना आता संप करायला बंदी, आणि वर्कलोड, मूल्यमापन, टेन्युअर (कायम नेमणूक) यांवर युनियनला वाटाघाटीच करता येणार नाहीत. म्हणजे मी ज्या विषयांवर तुला चार पानं लिहिली, ते तिथे टेबलावर आणायचेच नाहीत. दुसरीकडे न्यू जर्सीत रटगर्समध्ये एप्रिल 2023 मध्ये तीन युनियन एकत्र येऊन पाच दिवस संपावर गेल्या. 1766 साली स्थापन झालेल्या विद्यापीठातला प्राध्यापकांचा तो पहिला संप. त्यातून अर्धवेळ लेक्चररांचा दर कराराच्या काळात जवळपास 44 टक्क्यांनी वाढला. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट की कायम प्राध्यापक स्वतःसाठी भांडून थांबले नाहीत. 2013 मध्ये तुम्ही परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता तेव्हाही आपण फोनवर यावरच बोलायचो, कुणाच्या मागण्या यादीत वर आणि कुणाच्या खाली.

पुढच्या शुक्रवारी विभागात मतदान आहे. विभागाच्या जुन्या बायलॉजप्रमाणे (अंतर्गत नियमांप्रमाणे) लेक्चररांना धोरणावर मत नव्हतं. नव्या करारात युनियनच्या कक्षेतल्या सगळ्या शिक्षकांना आहे. म्हणजे ज्यांच्याबद्दल हे नियम आहेत, ते पहिल्यांदाच त्यावर मत देतील. डीनने ‘शक्यतो’चा हट्ट धरला तर आम्ही मसुदा युनियनच्या प्रतिनिधीमार्फत प्रोव्होस्टकडे, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाकडे, नेणार आहोत.

तुझ्याकडून एक हवंय. सुटामध्ये तुम्ही नव्याने लागलेल्या शिक्षकांना त्यांचे नियम कसे समजावता? पुस्तिका देता, की बैठक घेता? आम्हाला दोन पानांचं सोपं पत्रक करायचंय, आणि असलं काम तू वर्षानुवर्षं केलेलं आहेस. तासिका तत्त्वावरच्या नेमणूकपत्राचा कोरा नमुना मिळाला तर तोही पाठव, नाव-गाव नको. त्यात काय लिहिलेलं नसतं ते मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश