कागदपत्रांच्या बस्त्यांमधली शोधपत्रकारिता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातील शोधपत्रकारितेवरील लेखात छुपा कॅमेरा आणि फुटलेली गोपनीय कागदपत्रे यांचेच कौतुक अधिक आहे. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात तीस वर्षे काढलेल्या मला तो वाचताना अमेरिकेतील कर्टिस फ्लॉवर्स खटला आठवला.

मिसिसिपीतील विनोना या गावी १९९६ मध्ये एका फर्निचरच्या दुकानात चौघांचे खून झाले आणि त्यासाठी फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. पहिले तीन मृत्युदंड वरिष्ठ न्यायालयाने रद्द केले, पुढे दोनदा ज्युरीत (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात) एकमत झाले नाही आणि २०१० मध्ये पुन्हा मृत्युदंडच झाला. ‘एपीएम रिपोर्ट्स’ या अमेरिकी शोधपत्रकारिता गटाचे पत्रकार त्या भागात जवळपास वर्षभर मुक्काम ठोकून राहिले आणि या वकिलाच्या कार्यालयाने २६ वर्षांत चालवलेल्या २२५ खटल्यांतील ज्युरीनिवडीची कागदपत्रे त्यांनी धुंडाळली. गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळण्याचे प्रमाण चौपटीहून जास्त निघाले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा रद्द केली, ती मात्र फ्लॉवर्सच्याच खटल्यांतील नोंदींवरून. तेवढे श्रेय पत्रकारांना देणे योग्य होणार नाही. सहा खटल्यांत मिळून वकिलाला ज्युरीसाठीचे ४२ कृष्णवर्णीय उमेदवार वगळता येण्याजोगे होते, त्यांपैकी ४१ वगळले गेले. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना १४५ प्रश्न विचारले होते, तर निवडलेल्या अकरा गोऱ्यांना सगळे मिळून १२. असे आकडे कोणी मुद्दाम लपवत नाही. ते ज्युरीनिवडीच्या नोंदींच्या पानांआड पडून राहतात, आणि बेरीज करायला कोणी बसत नाही.

पत्रकारांचा खरा वाटा साक्षीदाराच्या बाबतीत होता. फ्लॉवर्सने आपल्याजवळ गुन्हा कबूल केल्याचे सांगणाऱ्या कैद्याने तुरुंगातून फोनवर त्यांना आपली साक्ष खोटी असल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले, तोपर्यंत फ्लॉवर्सची जवळजवळ २३ वर्षे कोठडीत गेली होती.

आपल्या वृत्तपत्राने एखाद्या वार्ताहराला सहा महिन्यांची सवड आणि नकलांचे शुल्क द्यावे, एवढीच विनंती आहे. माझ्या खिडकीशी नकलेचा अर्ज घेऊन आलेले वार्ताहर मला दोनच आठवतात, आणि दोघांनाही निकालाचे शेवटचे पान तेवढे हवे होते.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा