नाना, फोनवर ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितेय

नाना, आभार मानायला फोन केला की तुम्ही "बरं बरं, पोरं कशी आहेत" म्हणून विषय बदलता आणि ठेवून देता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, बघू काय करता ते.

गेल्या पावसाळ्यातली आमची अंगणवाडी तुम्ही बघितली होती. भाड्याची खोली, चिऱ्याच्या भिंती, वर सरकलेली कौलं, खाली तीन ठिकाणी टोप लावलेले आणि पोरं गाणी सोडून टोपात टपटप पडणारं पाणी बघत बसायची. संडास नाही, प्रत्येक वेळी शेजारच्या काकूंच्या दारात. आम्ही मच्छी विकणाऱ्या बायका, पोराला जेटीवर न्यायचं म्हणजे एक डोळा टोपलीवर आणि एक पोरावर, पाण्याच्या काठाला जिवाला नुसता घोर.

अर्ज आम्ही पण केले होते हो, तीन केले. एका ऑफिसात म्हणाले अंगणवाडी आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा, दुसरीकडे म्हणाले दुरुस्ती पहिल्यांनी बघायची. एका साहेबांनी तर ऐकवलं, शिक्षणाचा कायदा पण सहा वर्षांच्या पोरांपासूनच आहे, त्याआधी पोरं खेळणारच ना, घरी खेळू देत.

मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं, आयुष्यभर नगरपालिकेच्या हिशोबात बसलेला माणूस. तुम्ही पडवीत चष्मा लावून आमचा अर्ज वाचला आणि हसलात. मला राग आला होता, खरं सांगते. "अगो, पोरं भिजतात हे सगळं लिहिलंस, पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ते लिहिलंच नाहीस."

नगरपालिकेच्या बजेटमध्ये महिला बालकल्याणासाठी 5 टक्के वेगळे ठेवायचे असतात हे आम्हाला कोणी कधी बोललंच नव्हतं. आणि बजेट फेब्रुवारीत मंजूर होतं, आम्ही दरवेळी जूनमध्ये छत गळायला लागलं की धावत जायचो, तेव्हा सगळं वाटून झालेलं असायचं! तुम्ही दिवाळी झाल्याझाल्या बसवलंत, खोलीची मापं घ्यायला लावलीत, एस्टिमेट जोडलंत, पटावरच्या मुलांची यादी, फोटो, पालकांच्या सह्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही असा दम दिलात. तो पोचेचा शिक्का अजून माझ्या फाईलीत आहे, अर्धवट उमटलाय म्हणून तुम्ही परत मारायला पाठवलं होतं, आठवतं? वैताग आला होता तुमचा.

खेळणारच ना वाल्या साहेबांना मात्र तुम्ही जे सांगितलंत ते मी वाडीत सगळ्यांना सांगते. की ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, बालवाडी काढली, वस्तीतली पोरं तिकडे येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. सरकारची योजना तर नंतर, 1975 च्या 2 ऑक्टोबरला आली. साहेब गप्प. तुम्ही आवाज पण चढवला नव्हता, कागद सरकवून चहा मागितलात फक्त.

मंजुरी आली. छत झालं, संडास झाला, पोरांच्या उंचीचा बेसिन बसलाय, खिचडीच्या कोपऱ्याला लादी लागली. कुंपण राहिलंय, त्याचा अर्ज ह्या दिवाळीनंतर, मापं मीच घेतलीत, तुम्ही फक्त एकदा नजर टाका.

माझी छोटी आता सकाळी स्वतःच चप्पल घालून दारात उभी राहते. तुम्ही आलात तर चप्पल बाहेर काढा हां, नवीन लादी आहे, पोरं सगळ्यांना ओरडतात, साहेबांना पण ओरडली.

तुमची,
जेटीजवळची, पोचेवाली