पाखरांवरील सत्ता आणि पाखरांची राखण

मा. संपादक महोदय,

पक्ष्यांच्या घटत्या संख्येविषयी चर्चा निघाली की एक विधान हमखास वाचायला मिळते, आणि आपल्या दैनिकात अलीकडे प्रसिद्ध झालेल्या एका पत्रातही ते आले होते: बायबलने माणसाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली आणि तेथूनच निसर्गाच्या लुटीला धर्माची संमती मिळाली. हा आक्षेप जुना आहे. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये तो ठळकपणे मांडला होता. नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती वाचक म्हणून मी हे मान्य करतो की आम्हा लोकांच्या वागण्यात या आक्षेपाला पुरेसा पुरावा सापडतो. प्रश्न मूळ वचनांचा आहे, आणि ती पुरती न वाचताच हा निवाडा दिला जातो, असे मला वाटते.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात 'सत्ता चालवा' हे शब्द आहेत, यात वाद नाही. पण माणूस सहाव्या दिवशी निर्माण झाला आणि 'फलद्रूप व्हा' हा आशीर्वाद पाखरांना त्याच्या आदल्याच दिवशी मिळालेला होता. तो मागे घेतल्याचा उल्लेख कोठेही नाही. त्या अध्यायात माणसाला आणि पाखराला वनस्पतींचाच आहार नेमून दिला आहे. मांस खाण्याची मुभा जलप्रलयानंतर नवव्या अध्यायात येते, आणि त्याच अध्यायात देव नोहाबरोबर जो करार करतो त्यात पक्ष्यांचाही समावेश आहे. सत्तेसाठी वापरलेले 'रादा' हे हिब्रू क्रियापद यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात पुन्हा भेटते, तेव्हा कळपावर जुलूम करणाऱ्या मेंढपाळांना त्याबद्दल देवाचा जाब ऐकावा लागतो.

उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायात तर माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. आमच्या भागात 'राखण' म्हटले की जोंधळ्याच्या शेतातला माळा आणि हातातली गोफण आठवते, म्हणजे पाखरे हाकलणे! माझे आजोबा हुरड्याच्या दिवसांत पहाटेपासून माळ्यावर उभे असत. गोफणीचा गोटा ते थव्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकत, कारण थवा उठवण्यास आवाज पुरतो, पाखरू मारावे लागत नाही, असे ते सांगत. त्यांना हिब्रू येत नव्हते, पण सत्ता कोठे थांबवायची हे त्यांना ठाऊक होते.

ही मर्यादा बायबलने एका अगदी लहान आज्ञेत घालून दिली आहे. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे की वाटेत झाडावर किंवा जमिनीवर घरटे दिसले आणि मादी अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घेता येतील, मात्र आईला सोडून द्यावे. भुकेल्या माणसाला येथे घ्यायची परवानगी आहे, तरी पुढच्या विणीचे मूळ त्याच्या हातात दिलेले नाही. यहुदी गुरूंनी हिला हलक्यातली हलकी आज्ञा म्हटले. तरीही ती पाळणाऱ्याला कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे वचन दिलेले आहे, जे दहा आज्ञांमध्ये आईबापांचा मान राखणाऱ्याला दिले आहे. आपल्या देशाच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत धरले आहे.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्याजवळच्या एका चर्चची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी निघाली आणि वळचणीतील चिमण्यांची घरटी काठीने पाडली गेली. खाली फरशीवर काड्या, कोंबडीची पिसे आणि अजून डोळे न उघडलेली तीन पिले पडली होती. मादी चोचीत अळी धरून दुपारभर विजेच्या तारेवर बसून होती. ज्या भिंतींच्या आत 'तुझ्या वेदीजवळ चिमणीलाही घर मिळाले' हे चौऱ्याऐंशीवे स्तोत्र वाचले जाते, त्याच भिंतीबाहेर हे घडले. येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांपैकी मत्तय सांगतो की दमडीला दोन चिमण्या मिळत, तर लूक सांगतो की दोन दमड्यांना पाच, म्हणजे पाचवी वर टाकलेली, जिची किंमतच नाही, आणि तिचाही देवाला विसर पडत नाही. त्या दुपारी आम्हा सर्वांना मात्र तिचा विसर पडला होता, आणि मीही वेळेवर पोहोचून कोणाला थांबवले नाही.

असे वागणे बदलता येते, हे नागालँडमधील पांगती गावाने दाखवले आहे. दोयांग जलाशयाजवळ 2012 च्या हंगामात स्थलांतर करणारे अमूर ससाणे जाळी लावून पकडले गेले. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक असावी, असा अंदाज होता. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या त्या भागात ग्रामपरिषद, चर्च, वनविभाग आणि पक्षिप्रेमी एकत्र बसले आणि पुढच्या वर्षी ती शिकार थांबली. 'तुझ्या बुद्धीने ससाणा दक्षिणेकडे पंख पसरतो काय?' असे बायबलमध्ये देव दुःखात सापडलेल्या ईयोबाला विचारतो. उत्तर आशियातून निघून भारत आणि अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जाणाऱ्या या मूठभर पाखराविषयी वाचताना तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवतो.

माझी आमच्या सर्व चर्चमंडळ्यांच्या पंचांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की छपराची आणि वळचणीची कामे दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, नाताळाच्या रंगरंगोटीबरोबर उरकावीत. तरीही एखाद्या घरट्यात अंडी किंवा पिले आढळली, तर भिंतीचा तेवढा हातभर भाग सोडून पुढे जावे. अंडी घातल्यापासून चिमणीची पिले उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढा काळ तो भाग बिनरंगाचा राहिला तरी चालेल.

आपला नम्र,
एक वाचक, नगर जिल्हा