वेतातले सर्वांत लहान पिल्लू : आधी ऊब, मग दूध

महोदय,

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात गल्लोगल्ली आणि मळ्यांतल्या वस्त्यांवर कुत्र्या व्यायलेल्या दिसतात. अशा वेतात पुष्कळदा एखादे पिल्लू इतरांच्या जेमतेम निम्म्या अंगाचे असते. ते चार दिवसांत दगावले, तर ‘शेवटी जन्मलेले, ते जगणार नव्हतेच’ असे म्हणून लोक मोकळे होतात. पशुवैद्यक म्हणून नोकरीची बरीच वर्षे याच भागात काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की यांतील अनेक पिल्ले जन्मजात दोषाने नव्हे, तर गारठ्याने, उपासाने आणि आपणच दयेपोटी पाजलेल्या दुधाने मरतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

पिल्लू लहान राहण्याचा जन्मक्रमाशी फारसा संबंध नसतो. गर्भाशयात प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र वार असते, आणि एखाद्या वारेतून पोषण कमी मिळाले की ते पिल्लू कमी वजनाचे जन्मते. आतून ते धडधाकट असू शकते. त्याची खरी परीक्षा जन्मानंतर सुरू होते. अंगावर चरबी नाही, यकृतातला साखरेचा साठा काही तासांत संपणारा, आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असल्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाणारी, अशी त्याची अवस्था असते. मुधोळसारख्या आखूड केसांच्या, सडपातळ जातीत तर हे अधिकच जाणवते.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचे तापमान साधारण ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असते, मोठ्या कुत्र्यापेक्षा बरेच कमी, आणि ते टिकवण्याची शक्ती त्याच्यात नसते. शिवाय या वयात पिल्लू थरथरतही नाही, त्यामुळे ‘कुडकुडत नाही, म्हणजे थंडी वाजत नसावी’ हा अंदाज साफ चुकतो. तापमान ९४ अंशांच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते, चोखण्याची ताकद जाते आणि पिल्लू घोळक्यापासून बाजूला पडून बारीक आवाजात किंकाळत राहते, पुढे तेही थांबते. बऱ्याचदा याच वेळी आई त्याला दूर सारते आणि पाहणारे म्हणतात, ‘आईनेच टाकले, आता आपण काय करणार?’ वास्तविक तिने पिल्लू टाकलेले असते ते गार पडल्यामुळे. ते पुन्हा उबदार झाले की बहुतेक वेळा ती त्याला जवळ घेते.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजणे हा सर्वांत घातक उपचार आहे. बंद पडल्यागत झालेल्या पोटात दूध पचत नाही, ते उलटून श्वासनलिकेत जाते आणि न्युमोनियाने पिल्लू जाते. म्हणून क्रम असा हवा, की आधी ऊब, मग दूध. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे फार गरम वाटल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. एक-दोन तासांत सावकाश ऊब यावी. चुलीजवळ नेऊन घाई केल्यास कातडी भाजते आणि रक्ताभिसरण बिघडते. तोवर ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांवर चोळावेत, कारण साखर उतरल्यानेच पिल्लू लुळे पडते किंवा त्याला झटके येतात. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा ८५ ते ९० अंश फॅरनहाइट असावी. जांबोटी-कणकुंबीकडे वीज जाते तेव्हा बल्बवर विसंबून चालत नाही. बाटली आणि गोणपाट यांची तयारी असलेली बरी.

दुधाबद्दलही गैरसमज आहेत. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिने असतात. आपण मात्र गाईचे दूध ‘जड पडेल’ म्हणून त्यात आणखी पाणी घालतो, म्हणजे अशक्त पिल्लाला अधिकच निकस अन्न देतो आणि वर त्याला हगवण लावतो. (चहात पाव कुस्करून चार दिवसांच्या पिल्लाच्या तोंडाशी धरणारेही मी पाहिले आहेत.) पिल्लांसाठीची दूधभुकटी शहरात मिळते. ती पाजताना पिल्लू पोटावर ठेवावे, माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने त्याचे बूड पुसावे, कारण पहिल्या सुमारे तीन आठवड्यांत आईच्या चाटण्याशिवाय ही पिल्ले लघवी-शी करू शकत नाहीत.

अर्थात आईचे दूध मिळत असेल तर त्याला तोड नाही, आणि जन्मानंतरचा पहिला चीक तर दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरण्याची सोय पहिल्या चोवीस तासांपुरतीच असते. दांडगी भावंडे लहान पिल्लाला ढकलतात, तेव्हा दोन पिल्ले थोडा वेळ बाजूला काढून त्याला मागच्या सडांना लावावे. तिथे दूध अधिक असते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे. आठ-दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हायला हवे. सलग दोन दिवस ते वाढले नाही, तर डॉक्टर गाठावा.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दूध नाकातून येत असेल तर तोंड उघडून टाळू पाहावा, तो फाटलेला असू शकतो. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर आईच्या दुधातून आलेले अंकुशकृमी किंवा अंगावरच्या पिसवा त्याचे रक्त शोषत असण्याची शक्यता असते. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करता येते, पण ते प्रत्येकाच्या वजनानुसार. सगळ्या पिल्लांना एकाच मापाने दिलेले औषध सर्वांत लहान पिल्लाला जास्त होते.

यातून तगलेले पिल्लू पुढे बहुधा भावंडांची बरोबरी करते. जे आठ आठवड्यांनंतरही खुजेच राहते, त्याच्याबाबत मात्र शंका घ्यायला हवी. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असली, तर खाल्ल्यानंतर पिल्लू भ्रमिष्टासारखे गोल फिरते किंवा त्याला झटके येतात. जन्मानंतर बंद व्हावी अशी हृदयाजवळची वाहिनी उघडी राहिली, तर स्टेथोस्कोपला खरखर ऐकू येते, आणि वेळेत कळल्यास ती शस्त्रक्रियेने बंद करता येते. खेदाची गोष्ट अशी, की नेमकी अशीच पिल्ले ‘टीकप पॉमेरियन’ म्हणून भावंडांपेक्षा चढ्या भावाने खपवली जातात. मान्यताप्राप्त केनेल क्लबांच्या यादीत ‘टीकप’ नावाची जात नाही. ज्याला तपासणीची गरज आहे, त्याचा आजार हाच विक्रीचा गुण ठरवणे हे मला फसवणुकीपेक्षा कमी वाटत नाही.

श्वानपैदास व विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही रस्त्याकडेला खोक्यांतून महिन्याभराची पिल्ले विकली जातात, आणि आईपासून तुटल्यावर साखर उतरून पहिल्यांदा कोसळते ते त्यातले सर्वांत लहान. या विक्रीकडे पशुसंवर्धन खाते आणि पोलीस यांनी लक्ष द्यावे. आपले तालुक्यांचे गुरांचे दवाखाने नावाप्रमाणे गुरांसाठीच चालतात, त्याबद्दल तक्रार नाही; पण तेथे नवजात पिल्लांच्या संगोपनाचा एक फलक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लावायला आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा एक काटा ठेवायला फार खर्च येणार नाही. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. फलकाचा मजकूर तेथील तज्ज्ञांकडून घ्यावा आणि थंडी वाढण्यापूर्वी तो सीमाभागातील दवाखान्यांत लागावा, अशी माझी खात्याला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
खानापूर, जि. बेळगाव