न बोलणाऱ्या लेकराला गल्लीत खेळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ एप्रिलला जागतिक ऑटिझम (स्वमग्नता, यात लेकराला बोलायला-मिसळायला अवघड जातं) दिन असतो, त्या दिवशी पेपरात लक्षणं छापून येतात, पण निदान झाल्यावर घरच्यांनी अन् शेजाऱ्यांनी काय करायचं हे कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडं तालुक्याच्या गावी स्पीच थेरपी (बोलणं यावं म्हणून करायचे उपचार) म्हणजे परभणी नाहीतर संभाजीनगर गाठायचं, अर्धा दिवस एसटीत जातो अन् थेरपी पाऊण तास, बाकी सगळा वेळ लेकरू घरच्यांजवळच असतं. म्हणजे बोलणं रुजणार ते घरातच. ब्रिटनमध्ये आईबापांनाच मुलाशी संवाद साधायचं ट्रेनिंग दिलं होतं, २०१६ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात त्याचा पुढचा रिपोर्ट आला, जवळपास सहा वर्षांनीही मुलांत पडलेला चांगला फरक टिकून होता.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे, तो "चप्पल घाल, चप्पल घाल" म्हणत राहतो. पाहुण्यांना ती पोपटपंची वाटते, पण आजी त्याला बाहेर नेताना हेच म्हणते, त्यामुळं त्याच्या लेखी याचा अर्थ मला बाहेर जायचंय. मग आम्ही "मला बाहेर जायचंय" असं त्याच्या वतीनं म्हणतो अन् थांबतो. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे हो, लोकं नाव काय, नाव काय करत लेकराला उत्तर द्यायला सवडच देत नाहीत.

काही जण सांगतात घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला नाहीतर पोरगं कन्फ्यूज होईल. दोन भाषांमुळं ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अन् आजीला इंग्लिश येत नाही, मग तिनं नातवाशी बोलायचंच नाही का?

घरानंतर नंबर लागतो पोरांचा. आमच्या शेजारची चौथीतली मुलगी लपंडावात त्याचा हात धरून राज्य घेणाऱ्याच्या पाठीमागं नेते, पाठीवर थाप मारायला लावते अन् स्वतः "धप्पा" म्हणते. असं बरेच दिवस चाललं अन् एकदा ती गप्प राहिली तर हाच ओरडला, "धप्पा!", अगदी बरोब्बर वेळेला. मी कितीही शिकवलं असतं तरी तो शब्द माझ्याकडून आला नसता, कारण खेळ तिचा होता.

म्हणूनच शाळेनं "बोलत नाही, स्पेशल शाळेत टाका" म्हटलं की जीव तुटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क त्यात दिलाय, अन् स्पेशल शाळा हवी का नको हे निवडायचं मुलानं, म्हणजे त्याच्या वतीनं पालकांनी.

तुमच्या पेपरला विनंती, मराठवाड्यात कुठल्या जिल्ह्यात स्पीच थेरपी कुठं मिळते, कोणत्या वारी, हे एकदा नीट चौकशी करून छापा. अन् ज्यांच्या गल्लीत असं लेकरू आहे त्यांनी आपल्या पोरांना त्याला खेळायला बोलवायला सांगा.

– एक आई, जि. परभणी