‘अ‍ॅप काढून पुन्हा टाका’ हा सल्ला आधी थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या महिन्यात पापड-कुरडयांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एक काकू फोन घेऊन आल्या. त्यांचं उधारीच्या हिशोबाचं अ‍ॅप रात्री आपोआप अपडेट झालं आणि सकाळपासून उघडलं की लगेच बंद पडायला लागलं. त्यांनी अ‍ॅपच्या ग्राहक सेवेला कळवलं. उत्तर आलं, ‘अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा घ्या.’ काकूंनी तसं केलं. अ‍ॅप सुरू झालं, पण कोरं. दोन वर्षांची उधारी गेली. बॅकअप, म्हणजे नोंदींची दुसरीकडे ठेवलेली प्रत, घ्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोन माझ्या हातात आला तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हा सल्ला सगळीकडे इतक्या सहज दिला जातो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. नव्या आवृत्तीत नोंदी साठवायची पद्धत बदलली असेल, तर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना फोनमधल्या जुन्या नोंदी नव्या पद्धतीत बसवाव्या लागतात. तिथे अडलं की अ‍ॅप कोसळतं. कोऱ्या फोनवर जुन्या नोंदीच नसतात, त्यामुळे तिथे ते छान चालतं आणि ग्राहक सेवेतला माणूस मनापासून म्हणतो, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्यावर ते सुरू होतं ते याच कारणाने: अडचण करणाऱ्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. पण गिऱ्हाइकाला त्याच तर हव्या असतात! कंपनीने चूक दुरुस्त करून पुढचं अपडेट दिलं असतं, तर काकूंची उधारी जशीच्या तशी उघडण्याची शक्यता होती. थोडे दिवस थांबायला सांगणारं कुणी हवं होतं.

कधी कधी तर दोष त्या अ‍ॅपचा नसतोच. २३ मार्च २०२१ ची सकाळ मला अजून आठवते. जीमेलसह कितीतरी अ‍ॅप्स अँड्रॉइड फोनवर एकाएकी बंद पडू लागली. माझ्याकडे आलेल्यांपैकी दोघांनी घाबरून घरीच फॅक्टरी रीसेट मारला होता, म्हणजे अख्खा फोनच कोरा केला होता. एकाचे मुलीच्या बारशाचे फोटो गेले. खरा बिघाड होता अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू या भागात, ज्याच्या आधारे इतर अ‍ॅप्स आपल्या आत वेबपाने दाखवतात. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवी अपडेट्स दिली, ती घेतली की सगळं सुरळीत. कुणाला काही पुसायची गरजच नव्हती.

म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, एकच अ‍ॅप बंद पडतंय की अनेक? अनेक असतील तर वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करून बघतो. एकच असेल तर फोन बंद करून चालू करायचा, जागा भरली आहे का बघायचं, अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ म्हणजे पूर्ण बंद करायचं, मग ‘क्लिअर कॅशे’. त्याने फक्त तात्पुरत्या फायली जातात. पण त्याच्याच शेजारी ‘क्लिअर स्टोरेज’ असतं, काही फोनवर ‘क्लिअर डेटा’. त्याने अ‍ॅपमधल्या नोंदीच पुसल्या जातात. त्याला बॅकअपची खात्री झाल्याशिवाय हात लावू नये. बँकेच्या अ‍ॅपचं वेगळं आहे. तिथल्या नोंदी बँकेकडे असतात, फोनवर फक्त पुन्हा नोंदणी करावी लागते. वह्या, हिशोब, टिपणं ठेवणाऱ्या अ‍ॅप्सची मात्र खरी काळजी घ्यायला हवी.

आणि ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती आधी थोड्याच टक्के लोकांना देता येते आणि गडबड दिसली तर पुढचं वाटप थांबवता येतं. ज्यांच्याकडे ती पोहोचली, त्यांना मात्र जुनी आवृत्ती परत पाठवता येत नाही, वरच्या क्रमांकाची नवीच द्यावी लागते. तेव्हा वर्षानुवर्षांच्या नोंदी असलेल्या जुन्या, स्वस्त फोनवर अपडेट करून पाहिल्याशिवाय सर्वांना देऊ नका. चूक झालीच तर ‘अमुक आवृत्तीत दोष आहे, अ‍ॅप काढू नका, दुरुस्ती येते आहे’ एवढं मराठीत लिहा. दर वेळी ‘किरकोळ दोष दुरुस्त केले’ असं लिहून कुणाला काय कळणार? आणि तक्रार आली की आधी फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि अ‍ॅपची आवृत्ती विचारा. काकूंना यातलं एकही विचारलं गेलं नाही.

काकूंनी आता दोनशे पानी वही घातली आहे. बऱ्याच गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन रक्कम सांगितली. काहींनी अजून सांगितलेली नाही.

आपला नम्र,
एक मोबाईल दुरुस्ती दुकानदार, सातारा