मोजलेली किंमत परत घेणारा शेवट

संपादक महोदय,

‘स्टार वॉर्स’च्या नवव्या भागाबद्दल, म्हणजे २०१९च्या ‘द राइझ ऑफ स्कायवॉकर’बद्दल कुणी नाराजी बोलून दाखवली की एक उत्तर हमखास मिळतं : चाहत्यांच्या अपेक्षाच अवाच्या सवा होत्या. हे उत्तर पटत नाही. नुसता अपेक्षाभंग असता तर चार दिवस हळहळून विषय मिटला असता. खरं दुखणं असं की या चित्रपटात पात्रं काहीही गमावोत, ते थोड्याच वेळात त्यांना परत मिळतं. आणि आधीच्या भागांनी जे कमावलं होतं, ते मात्र हातचं जातं.

सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचा प्रसंग घ्या. नायिका रे आणि तिच्या सोबत्यांना सापडलेल्या खंजिरावर सिथ, म्हणजे दुष्ट शक्तीच्या उपासकांच्या, भाषेत मजकूर कोरलेला आहे. थ्रीपीओला तो वाचता येतो, पण त्याचं भाषांतर बोलून दाखवायला त्याच्या रचनेतच मनाई आहे. ती मोडायची तर त्याची सगळी स्मृती पुसावी लागणार. तो तयार होतो. त्याआधी सोबत्यांकडे टक लावून पाहत राहतो आणि काय करतोयस असं विचारल्यावर सांगतो, मित्रांना शेवटचं पाहून घेतोय. पहिल्या चित्रपटापासून सोबत असलेल्या पात्राच्या तोंडी हे वाक्य! पोटात कालवतं. पुढे त्याचा जोडीदार यंत्रमानव आर-टू आपल्याकडची जपून ठेवलेली स्मृतीची प्रत त्याच्यात भरतो आणि थ्रीपीओ जवळपास होता तसा होतो. केसाळ सोबती च्यूबाकाचं तर त्याहून लवकर उरकलं आहे. रेच्या हातून वीज सुटते, वाहतूक यानाचा स्फोट होतो, तिने आपल्याच मित्राला मारलं असं वाटतं. काही मिनिटांतच कळतं की तो दुसऱ्याच यानात होता. अपराधाचं ओझं घेऊन रे कशी वागते, हे पाहायला कथा थांबतच नाही.

सगळ्यात मोठी भरपाई दुष्ट सम्राट पॅल्पटीनची. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये त्याचा उजवा हात असलेल्या व्हेडरने आपला मुलगा ल्यूक याला वाचवण्यासाठी सम्राटाला उचलून खोल विवरात फेकलं आणि स्वतःचा जीव गमावला. पहिल्या सहा भागांचं वजन त्या एका कृतीवर उभं आहे. नवव्या भागाच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात पहिल्याच ओळीत ‘मृत बोलतो आहे’ असं वाचायला मिळतं आणि सम्राट परतल्याचं कळतं. साऱ्या आकाशगंगेने ऐकलेली त्याची घोषणा चित्रपटात नाहीच, ती प्रदर्शनाच्या काही दिवस आधी ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममध्ये ऐकवली गेली. तो वाचला कसा, याला उत्तर म्हणून बंडखोरांच्या बैठकीत एक जण क्लोनिंग आणि काळ्या विद्येचा अंदाज बोलून टाकतो. बस, एवढंच.

कथा आधी ठरली नव्हती म्हणून असं झालं, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. २०१५चा सातवा भाग जे. जे. एब्रम्स यांनी केला, २०१७चा आठवा रायन जॉन्सन यांनी. नववा कॉलिन ट्रेव्हॉरो करणार होते, सप्टेंबर २०१७मध्ये ते बाहेर पडले आणि एब्रम्स परत आले. पण मूळ तीन चित्रपटांचेही दिग्दर्शक तीन वेगवेगळेच होते, आणि व्हेडर हा ल्यूकचा बाप हे १९७७मध्ये ठरलेलं नव्हतं. १९८०मध्ये ते उघड झालं तेव्हा आधीचा चित्रपट खोटा पडला नाही, उलट आणखी खोल झाला. गुरू ओबी-वानने ल्यूकला बापाबद्दल सांगितलेलं सगळं वेगळ्या अर्थाने ऐकू येऊ लागलं. रेच्या बाबतीत उलटं घडलं. आठव्या भागाने सांगितलं की तिचे आईबाप कुणीच नव्हते, दारूच्या पैशासाठी पोरीला विकणारे भंगारवाले होते. फोर्स, म्हणजे या कथाविश्वातली गूढ शक्ती, कुठल्याही घरात जन्मू शकतो, हा त्यातला थरार. नवव्याने तिला सम्राटाची नात करून टाकलं.

१४२ मिनिटांचा मोठा वाटा वस्तूंच्या शोधात जातो. खंजीर मिळाला की मजकूर, मजकूर मिळाला की दिशादर्शक, तो मिळाला की सम्राट लपलेला एक्झेगॉल ग्रह. त्या खंजिराची बाह्यरेषा सम्राटाच्या डेथ स्टार या अवकाशतळाच्या अवशेषांशी जुळते. जुळायला रे नेमक्या जागी, नेमक्या अंतरावर, नेमक्या उंचीवर उभी असायला हवी, आणि ती योगायोगाने तिथेच उभी असते. ते अवशेष खवळलेल्या समुद्रात तीसेक वर्षं लाटांचा मार खात पडलेले आहेत.

शेवटच्या लढाईत जुना बंडखोर लँडो याच्या हाकेला अगणित यानं धावून येतात. आठव्या भागाच्या अखेरीस क्रेट ग्रहावरून बंडखोरांची सेनानी लेया हिने हाक दिली, तेव्हा एकही आलं नव्हतं. मधे काय बदललं? हा प्रश्न म्हणजे अख्खा चित्रपट होता, आणि तो पडद्याबाहेर राहिला.

लेया साकारणाऱ्या कॅरी फिशर डिसेंबर २०१६मध्ये गेल्या. त्यांचे प्रसंग आधीच्या न वापरलेल्या चित्रीकरणातून जुळवावे लागले, तिथे दोष देता येत नाही. बेन झालेल्या अ‍ॅडम ड्रायव्हरचं काम तर अव्वल आहे. रे पाठीमागे नेलेला लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, फोर्समधून बेनकडे पोहोचवते, तो आपल्या पाठीमागून ते पातं काढतो आणि शत्रूंपुढे नुसते खांदे उडवतो. त्या एका हालचालीत मूळ चित्रपटांतल्या बेफिकीर हान सोलोचा मुलगा दिसतो.

मग टॅटूइन ग्रह. ल्यूकला जिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं, त्या शेतघरी रे त्याचा आणि लेयाचा लाइटसेबर पुरते. लेयाचा या ग्रहाशी संबंध म्हणजे जब्बा या गुंडाच्या साखळीत काढलेले दिवस. वाटेने जाणारी म्हातारी नाव विचारते, आडनावही विचारते, आणि रे ‘स्कायवॉकर’ म्हणते. नुसतं ‘रे’ पुरलं असतं. आठव्या भागाने तिला तेवढं मिळवून दिलं होतं.

– एक वाचक